पाल नव्हे गुरुजी, बॅटरी

वाचकाचं पत्र:

"स.न.वि.वि. मी परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक. आमचं घर तीन टप्प्यांत झालेलं आहे. मधला भाग वडिलोपार्जित माळवदाचा (लाकडी छत, वर मातीचा थर), मागं पत्र्याचं स्वयंपाकघर, पुढं अलीकडं काढलेली स्लॅबची खोली. त्या खोलीत यंदाचा कापूस भरून ठेवलाय. पडत्या भावात घालायला मन होईना. दिवाळीला मुलगा पुण्याहून आला, कापूस पाहून घाबरला, आणि ऑनलाइन एक स्मोक अलार्म मागवून आईच्या बाजेवर माळवदाला ठोकून गेला. दुसरा अलार्म भाच्यानं अमेरिकेहून घर आवरताना आणलेला, तो स्वयंपाकघरात लावला.

तेव्हापासून घरात शांतता नाही. थंडी सुरू झाली तसा माळवदातला अलार्म पहाटे तीनच्या सुमारास मिनिटा-मिनिटाला 'टिक' करतो. दिवसा गप्प. आई म्हणते, 'पाल चुकचुकायलीय, घरात काहीतरी वंगाळ होणार.' मी दुकानातून नवी बॅटरी आणून घातली, चार दिवस बरे गेले, पुन्हा तेच. स्वयंपाकघरातला तर तव्यावर मिरच्या टाकल्या की गल्ली गोळा करतो. सौ.नं वैतागून त्याची बॅटरी काढून कपाटात ठेवलीय. उदबत्ती धरून पाहिली तर माळवदातला कधी वाजतो, कधी नाही. आणि नवल म्हणजे रात्री आईच्या खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवतो, तेव्हा हा बेटा हूं की चूं करत नाही. मग हे यंत्र चालतं तरी का? दोन्ही काढून टाकावेत असं घरात ठरत आलंय. आपलं मत कळवावं."

गुरुजी, नमस्कार.

काढू नका. पण अलार्मचं सगळं नंतर, आज रात्री झोपायच्या आधी ती शेगडी आईच्या खोलीबाहेर काढा. पत्रात तुम्ही तिचा उल्लेख नवलाचा म्हणून केलाय. मला तीच ओळ सगळ्यात जास्त खटकली.

कोळसा पेटताना धूर देतो. निखारे लाल झाले की धूर थांबतो आणि कार्बन मोनॉक्साइड मात्र निघत राहतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांत पाणी येत नाही. माणसाला आधी डोकं जड वाटतं, मळमळतं, झोप येते, आणि झोपलेल्याला तर काहीच कळत नाही. स्मोक अलार्म धुराचे कण पाहतो, हा वायू त्याच्या गावीही नसतो. त्यामुळं शेगडीवर तो गप्प बसतो ते बिघडला म्हणून नव्हे. थंडीत तुम्ही माळवदाच्या सवण्यावर (छतातल्या झरोक्यावर) पत्रा किंवा फरशी सरकवली असेल, दारं-खिडक्या लावल्या असतील, म्हणजे तो वायू बाहेर जायलाही वाट नाही. संध्याकाळी खोली ऊबदार करायची असेल तर दार उघडं ठेवून करा आणि आई आडव्या व्हायच्या आत शेगडी अंगणात न्या. वर आणखी एक गोधडी घाला, गरम पाण्याची पिशवी द्या. शेगडीशिवाय भागतच नसेल तर कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा अलार्म मिळतो, तो घ्या, आणि तो असला तरी बंद खोलीत शेगडी ठेवून झोपू नका. गॅस गळतीचंही तसंच. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरतो. छताला लावलेल्या स्मोक अलार्मला त्याचा पत्ता लागत नाही.

आता पालीकडं वळू.

अलार्मचे आवाज दोन जातींचे असतात, आणि घरातल्या सगळ्यांना त्यांतला फरक कळला पाहिजे. मिनिटातून एखाद-दुसऱ्यांदा होणारा तुटक 'टिक' म्हणजे यंत्र स्वतःविषयी तक्रार करतंय: बॅटरी उतरली, किंवा माझं वय झालं. तीन मोठे आवाज, थोडा खंड, पुन्हा तीन, असं न थांबता चाललं तर धूर आहे. कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म बहुधा चार-चारचा ठेका धरतात. आईंना हे एकदा बटण दाबून ऐकवा. त्यांना तो बारीक 'टिक' पहाटे ऐकू येतो ही खरं तर चांगली खूण आहे. वय झालं की नेमका असा चिरका, उंच पट्टीचा आवाज आधी ऐकू येईनासा होतो, आणि बरेच अलार्म त्याच पट्टीत ओरडतात.

पहाटे तीनलाच का? परभणीची थंडी तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या तिथल्या कृषी विद्यापीठातला पारा दहाच्या खाली गेला की मराठवाड्यातल्या सगळ्या पेपरांत बातमी येते. बॅटरीच्या आतली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते. अलार्म अधूनमधून स्वतःची बॅटरी तपासतो. त्या क्षणी बॅटरीला थोडा भार पेलावा लागतो आणि अर्धवट उतरलेल्या बॅटरीचा व्होल्टेज थंडीत ठरलेल्या रेषेखाली घसरतो. लगेच 'टिक'. सकाळी नऊला ऊन आलं, खोली तापली, की तीच बॅटरी पुन्हा रेषेवर. मग दिवसभर शांतता, आणि घरातल्यांना वाटतं झालं आपोआप दुरुस्त. दिवसा शांत आणि पहाटे 'टिक' असेल तर शंभरातल्या नव्वद वेळा हेच कारण, असं मी बेधडक सांगेन.

मग नवी घालूनही चार दिवसांत पुन्हा कसं? तालुक्याच्या दुकानात 'नऊ व्होल्टची चौकोनी द्या' म्हटलं की बहुधा स्वस्तातली झिंक-कार्बनची मिळते. वर 'हेवी ड्यूटी' लिहिलेलं असतं, त्याला भुलू नका. ती तशीही कमी ताकदीची, त्यात दुकानात वर्ष-दीड वर्ष पडून राहिलेली. 'अल्कलाइन' असं नाव घेऊन मागा आणि पाकिटावरची मुदत बघून घ्या. शेजारच्या कुणा वायरमनकडं मल्टिमीटर असेल तर मोजून बघा. ताजी अल्कलाइन बॅटरी नऊच्या वर, साडेनऊच्या आसपास दाखवते. पुन्हा पुन्हा चार्ज होणारी बॅटरी घालू नका. तिचा व्होल्टेज मुळातच कमी असतो आणि पडून राहिली तरी ती उतरते.

बदलायची रीतही नीट पाळा. जुनी बॅटरी काढल्यावर यंत्रात थोडी वीज शिल्लक राहते आणि त्या शिलकीवर यंत्र जुनीच तक्रार चालू ठेवतं. म्हणून बॅटरी काढून चाचणीचं बटण 15-20 सेकंद दाबून धरा. क्षीण आवाज येऊन विरेल, येऊ द्या. मग आतल्या पितळी पट्ट्या कोरड्या कापडानं पुसा, हिरवट थर चढला असेल तर खोडरबरानं घासा, नवी बॅटरी घट्ट बसवा आणि झाकण 'टक' वाजेपर्यंत लावा. अर्धवट लागलेलं झाकण हेही 'टिक'चं फार सामान्य कारण. एवढं करूनही टिकटिक राहिली तर यंत्र पाठमोरं करून तारीख वाचा.

ही तारीख भाच्याच्या अलार्मसाठी जास्त महत्त्वाची. स्मोक अलार्मचं आयुष्य तयार झाल्यापासून 10 वर्षं धरतात, विकत घेतल्यापासून किंवा भिंतीला लावल्यापासून नव्हे. आतला संवेदक हळूहळू मळतो, जुना होतो. बटण दाबलं तर भोंगा वाजेल, पण धूर ओळखेलच याची खात्री उरत नाही. घर आवरताना निघालेली वस्तू म्हणजे ती किती जुनी हे त्यालाही आठवत नसेल. अमेरिकेत आधी महिना आणि मग दिवस लिहितात, तेवढं ध्यानात धरून वाचा. आणि तो नुसता बॅटरीवरचा आहे ना, हेही बघा. मागं वायर निघत असेल तर तो 120 व्होल्टचा असणार. आपल्या 230 च्या लाइनला तो जोडायचा नाही, कुणी 'बघू तर खरं' म्हणालं तरी.

त्याच्या पाठीवर आणखी एक गोष्ट शोधा: अमेरिशियम 241 असं इंग्रजीत लिहिलंय का, किंवा किरणोत्साराची तीन पात्यांची खूण आहे का. असेल तर तो आयनायझेशन जातीचा. त्याच्या आत किरणोत्सारी पदार्थाचा अगदी सूक्ष्म तुकडा असतो. बंद यंत्रात तो घरातल्या कुणाला त्रास देत नाही, पण यंत्र फोडायचं नाही, चुलीत टाकायचं नाही, भंगारवाल्याच्या गाड्यावर तर अजिबात द्यायचं नाही. बनवणाऱ्या कंपनीला विचारून ते परत कुठं द्यायचं हे भाच्याकडून काढून घ्या, तोवर डब्यात घालून ठेवा. ही जात भडकून पेटलेल्या आगीला चटकन ओळखते, आणि त्याच गुणामुळं तव्यावरच्या मिरच्यांना, करपलेल्या भाकरीलाही चटकन बोंबलते. उलट धुमसणाऱ्या आगीला ती उशीर करते. तुमच्या घरात भीती धुमसणाऱ्या आगीची आहे. म्हणजे तारीख चांगली निघाली तरी हा अलार्म तुमच्या कामाचा नाही.

मुलानं आणलेला बहुतेक ऑप्टिकल जातीचा असेल, आपल्याकडं हल्ली तेच जास्त मिळतात. त्याच्या आत काळोखी कोठडी असते, एका बाजूनं प्रकाशाची तिरीप सुटते आणि प्रकाश ओळखणारा डोळा तिच्या वाटेबाहेर बसवलेला असतो. एरवी त्याला काही दिसत नाही. धूर शिरला की कणांवर आपटून प्रकाश विखुरतो, त्यातला थोडा डोळ्यावर पडतो, आणि भोंगा सुरू. दुपारी सवण्यातून उन्हाचा कवडसा आला की त्यात धुळीचे कण चमकताना तुम्ही लहानपणापासून पाहिलेत, तीच ही गोष्ट. पण यंत्राला धुराचा कण आणि मातीचा कण यांतला भेद कळत नाही. वाफेचा थेंब, कोठडीत शिरलेलं चिलट, कोळ्याचं जाळं, सगळं त्याच्या लेखी धूरच.

आणि तुम्ही तो नेमका कुठं लावलाय? माळवदाला, जिथून किलचनातून, म्हणजे मातीखालच्या लाकडी पट्ट्यांतून, बारा महिने माती झिरपते. वर पांढरी माती टाकायला माणूस चढला की खाली सगळ्या घरात धुरळा. मुलाला दोष देत नाही, स्लॅबच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला हे सुचणार नाही. उदबत्तीला कधी वाजतो, कधी नाही, त्याचं कारणही यातच असावं. एक तर आत माती बसलीय, दुसरं म्हणजे उदबत्तीचा बारीक धूर वाऱ्याच्या झुळुकीनं दुसरीकडंच जातो. उदबत्ती धरून तपासणं सोडा. तिचा चिकट थर कोठडीत बसतो आणि यंत्र आणखी बिघडतं. चाचणीचं बटण त्यासाठीच दिलंय. ते दाबलं की बऱ्याच यंत्रांत नुसता भोंगा नव्हे, आतली विद्युत यंत्रणाही तपासली जाते.

तो खाली उतरवा. बॅटरी काढा. मऊ, कोरड्या ब्रशनं चारी बाजूंच्या फटी झाडा, मग व्हॅक्यूम क्लीनर असेल तर तोंड लावून ओढून घ्या. नसेल तर सेलूत मोबाइल-कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडं हवेचा ब्लोअर असतो, त्याच्याकडून जरा लांबून हवा मारून घ्या. ओलं फडकं फक्त बाहेरच्या झाकणाला, तेही पिळून. आत पाणी, रॉकेल, तेल काही नाही. आणि चिलटं घालवायला जवळ फवारा मारू नका, तो आत जाऊन बसतो.

लावताना छताच्या दोन सरांच्या (लाकडी तुळयांच्या) खालून आडवी फळी ठोका, अलार्मपेक्षा चांगली वीतभर रुंद. फळीच्या खालच्या अंगाला अलार्म. वरून झिरपणारी माती फळीवर अडेल. दोन सरांच्या मधल्या खोबणीत तो बसवू नका, खालून येणारा धूर तिथं उशिरा भरतो. सवण्याखाली नको, कारण तिथून ताजी हवा येते-जाते. पंखा असेल तर पात्याच्या टोकापासून तीन फूट दूर. उन्हाळ्यात कूलर लावत असाल तर त्याच्या थेट झोतात नको, कूलरची ओलसर हवा आणि त्यातली धूळ दोन्ही त्याला चालत नाहीत. भिंतीला लावायचा झाला तर छतापासून 10 ते 30 सेंटिमीटर खाली. जागा मात्र आईच्या बाजेवरची बदला आणि बाज व कापसाच्या खोलीचं दार यांच्या मध्ये आणा. धूर तिकडून येणार आहे.

स्वयंपाकघरात स्मोक अलार्म हवाच कशाला? चूल किंवा गॅसपासून किमान 3 मीटर अंतर ठेवावं असा साधारण नियम आहे, आणि तुमच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत एवढी लांबी असेल असं पत्रावरून वाटत नाही. वहिनींनी बॅटरी काढली यात त्यांची चूक नाही. ज्या घरात ठेचा होतो त्या घरात चुलीवरचा अलार्म टिकत नाही, मग तो कुठल्याही कंपनीचा असो. शिवाय तो पत्रा. मे महिन्यात आपल्याकडं बाहेर 42-43 असतं तेव्हा पत्र्याखालची हवा किती तापते हे दुपारी तिथं भाकरी थापणाऱ्याला विचारा. बऱ्याच अलार्मना 40-45 अंशांपलीकडचं तापमान सोसत नाही, तसं त्यांच्या पाकिटावरच लिहिलेलं असतं. स्वयंपाकघरासाठी उष्णतेवर चालणारा वेगळा अलार्म मिळतो, तो साधारण 57-58 अंशांना वाजतो. पण तुमच्या तापलेल्या पत्र्याला तो आकडा फार दूर नाही, म्हणून तोही मी सुचवणार नाही. माळवदातला अलार्म मागच्या दारापासून अंतर राखून असला की स्वयंपाकघरातला खरा धूर त्याच्यापर्यंत पोचेल. फोडणीनं कधी वाजलाच तर चाचणीचं बटण एकदा दाबा. बऱ्याच यंत्रांत त्यानं आठ-दहा मिनिटं आवाज बंद होतो आणि मग यंत्र आपलं आपण पुन्हा जागं होतं. नाहीतर खाली उभं राहून सुपानं वारा घाला. बॅटरीला हात लावायचा नाही. काढलेली बॅटरी परत घालायचं कुणाच्याच लक्षात राहत नाही, तुमच्या कपाटातली त्याला साक्ष आहे.

आता कापूस. तुमच्या पत्राचा खरा विषय मला हाच वाटतो, आणि गंमत बघा, दोन अलार्म घरात आले पण कापसाच्या खोलीत एकही नाही.

सेलू-मानवतकडं घरात कापूस ठेवणं हे काही नवं नाही. भाव मिळेना तेव्हा शेतकरी दुसरं काय करणार. पण तो कसा जळतो हे समजून घ्या. वरच्या थरावर ठिणगी पडली तर भुरकन ज्वाळा पसरते, ती दिसते तरी. ठिणगी गंजीत आत गेली तर मात्र ज्वाळाच नाही. कापूस आतल्या आत तासन्‌तास धुमसतो, बाहेर फक्त करपट वास आणि पातळ धूर. संध्याकाळी सातला हमालाच्या बिडीचं थोटूक पडलं तर रात्री दोनपर्यंत कुणाला कळत नाही. झोपेत माणसाचं नाक राखण करत नाही. करपट वासानं जाग येईल ही समजूत चुकीची आहे, आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड तर झोप आणखी गाढ करतो. 3 एप्रिल 2024 ला छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात पहाटे खालच्या कपड्यांच्या दुकानाला आग लागली. वरच्या मजल्यावर झोपलेल्या एकाच कुटुंबातल्या सात जणांचा जीव गेला. आग त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती, धुरानं गुदमरले.

म्हणून मुलाला सांगा, आणखी एक ऑप्टिकल अलार्म घे आणि तो स्लॅबच्या खोलीत आतून, दाराजवळ छताला लाव. कापूस छतापर्यंत रचलेला असेल तर दीड-दोन फूट तरी मोकळं करा, नाहीतर धुराला अलार्मपर्यंत जायला वाटच राहत नाही. त्या खोलीत कापसाचे तंतू उडतात आणि अलार्मच्या फटींना चिकटतात. कापूस आहे तोवर दर पंधरवड्याला ब्रश फिरवा, एरवी वर्षातून दोनदा पुरतो. लावल्यावर त्या खोलीचं दार लावून बटण दाबायला कुणाला तरी सांगा आणि तुम्ही स्वतः आपल्या अंथरुणावर पडून ऐका. हे भोंगे 3 मीटरवर 85 डेसिबल भरतात, पण मध्ये जाड मातीची भिंत आणि लाकडी दार आलं की आवाज फार कमी पोचतो. ऐकू आला तर ठीक. नाही आला तर बिनतारी जोडणीची जोडी घ्यावी लागेल: एक वाजला की दुसराही वाजतो. ती एकाच कंपनीची, एकाच मालिकेतली घ्यायची, वेगवेगळ्या कंपन्यांचे एकमेकांशी बोलत नाहीत.

पण अलार्म आग लागल्यावर सांगतो, ती लागू नये म्हणून जे करायचं ते वेगळंच. त्या खोलीची लाइन मुख्य बोर्डावरच बंद ठेवा, उजेड लागेल तेव्हा टॉर्च घेऊन जा. बोर्डाला टेकून कापूस नको. इन्व्हर्टर, मोबाइलचं चार्जिंग, बॅटरीवरची गाडी, देवाचा दिवा यांतलं काही त्या खोलीत नको. भरताना-काढताना बिडी-काडी दाराबाहेर, मग तो मजूर असो की सरपंच. आणि कितीही थंडी असली तरी कुणी कापसावर अंथरूण टाकून झोपायचं नाही, राखणीच्या नावाखालीही नाही.

वाजलाच तर गंजीत हात घालून 'कुठं पेटलंय' हे शोधू नका. हवा लागली की धुमसणारा कापूस भडकतो. दार लावून घ्या, आईंना घेऊन सगळे बाहेर, मग 101 किंवा 112. आणि यासाठी आजच एक बघून ठेवा: रात्री दाराला आतून कुलूप घालत असाल तर किल्ली कुठं असते? ती दाराजवळच्या खिळ्याला असावी, उशीखाली नव्हे. पुढची वाट कापसाच्या खोलीतून जाते, म्हणजे तुम्हाला मागच्या दारानं, स्वयंपाकघरातून निघावं लागणार. तिथं रात्री कडी लावून पुढं पाण्याचं पिंप ठेवत असाल तर ते सरकवा. आईंना बाजेवरून उठवून तिथवर न्यायला किती वेळ लागतो हे एकदा दिवसा करून बघा, त्या कुरकुरल्या तरी.

देखभालीचं वेळापत्रक तुमच्या घरातल्या कॅलेंडरवर आहेच. महिन्यातून एकदा बटण दाबायचं, ते संकष्टीला दाबा. हात पोचत नसेल तर झाडूच्या दांड्यानं. वर्षातून एकदा बॅटरी, ती खंडेनवमीला. अवजारं घासून-पुसून मांडता तेव्हा हेही उतरवून झाडा, नवी बॅटरी घाला आणि तारीख स्केचपेननं बाजूला लिहा. पुढच्या वेचणीचा कापूस घरात यायला तिथूनच सुरुवात होते, तेही जमून येतं. 10 वर्षं टिकणाऱ्या बंद बॅटरीचे अलार्मही निघालेत. त्यात बदलायची कटकट नाही, पण बटण दाबणं आणि झाडणं सुटत नाही. मृगाच्या पावसानंतर किडे फार होतात, तेव्हा अलार्मजवळचा दिवा रात्रभर जळत ठेवू नका. दिवाळीआधी चुना-रंग काढाल तेव्हा अलार्मला पिशवी बांधा आणि काम संपलं त्याच संध्याकाळी सोडा. अलार्मवर रंगाचा हात फिरवायचा नाही, छताशी जुळला नाही तरी.

जाता जाता शहरातल्या फ्लॅटवाल्या वाचकांना एक शब्द. मोठ्या इमारतींत छताला बसवलेले डिटेक्टर खालच्या पॅनेलला जोडलेले असतात, ते तुमच्या फोडणीला वाजले म्हणून काढायचा अधिकार तुम्हाला नाही. महाराष्ट्रात 2006 चा आगप्रतिबंधक कायदा आहे. तो ज्या इमारतींना लागू होतो तिथं परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून दर जानेवारी आणि जुलैत प्रमाणपत्र द्यावं लागतं. सोसायटीच्या बैठकीत ते मागून बघा, कुणाच्या फाइलला आहे ते कळेल.

गुरुजी, खर्चाचा हिशोब एवढाच: एक अल्कलाइन बॅटरी, एक नवा ऑप्टिकल अलार्म, एक फळी. भाच्याचा अलार्म बाद धरा. कापूस विकून खोली रिकामी झाली की तिथला अलार्म आधी झाडून घ्या आणि मगच ती खोली झाडायला लावा, नाहीतर उडालेली सगळी धूळ त्याच्या पोटात जाईल. आणि सवण्यावरचा पत्रा आज जरा बाजूला सरकवून ठेवा.